दोरी बघून घेतलेली खोली

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोडगोड ऐकायची वाट बघत बसू नये. साठी उलटली माझी. कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायचं वय आता राहिलं नाही.

नव्या शहरात एकटं राहायला आलेलं माणूस खोली कशी बघतं? नळाला पाणी कधी येतं ते विचारतं. बस कुठे थांबते, शेजारी कोण, मालक कटकट्या आहे का, हे बघतं. निदान भिंतीला ओल आहे का एवढं तरी हात लावून बघतं. या बाईने यातलं काही म्हणजे काही केलं नाही. ती नऊ दिवस एका लॉजवर उतरली आणि नऊ दिवस शहरभर लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत फिरली.

हे तिनेच मला सांगितलं. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.

"इमारत पुढून बघायचीच नाही मास्तर," ती म्हणाली. "पुढून सगळेच रंग लावतात. मागून बघायची. गच्ची, गॅलरी, दोरी. एका ठिकाणी सगळे कपडे नवे कोरे होते, एकावरही सुई फिरलेली नाही. म्हटलं, इथली माणसं फाटलं की फेकतात. इथे आपलं काही काम नाही. मग स्टेशनच्या मागे गेले. तिथे फाटलेलं फाटलेलंच वाळत होतं. कोपर बाहेर, बटणं गेलेली. तिथे कुणाला फिकीरच नाही. आणि मग तुमची गल्ली. कॉलरी उलटवलेल्या, उसवलेल्या शिवणी परत घातलेल्या. आणि स्वेटरवर, पँटींवर काय ते रफू. रस्त्यात उभी राहून बघत बसले. एक माणूस म्हणाला, काय हवंय? मी म्हटलं, खोली."

पंचेचाळीसच्या पुढची, उंच, खांद्यात वाकलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. स्वतः रफू करायची. बावीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात टेबलक्लॉथ आणि पडदे सांधत होती. हॉटेल बंद पडलं. मग थोरला भाऊ म्हणाला, चल माझ्याकडे, घर तुझंच आहे. घर तिचंच होतं, म्हणजे त्यातला स्वयंपाक, धुणं आणि दोन पोरं तिची होती. झोपायला सामानाच्या खोलीत सायकलींच्या शेजारी जागा. दोन वर्षं काढली आणि एक दिवस पिशवी उचलून निघाली. भाऊ म्हणाला, "महिन्याभरात परत येशील." दर रविवारी फोन करून विचारायचा, "फिटली का हौस?"

तर अशी ही शहाणी. अहो, दोरीवर इतकं चांगलं काम दिसतंय म्हणजे गल्लीत कुणीतरी शिंपी आधीच बसलेला आहे, एवढं शाळकरी पोराला कळेल. हिला नाही कळलं. टाका बघून हुरळली आणि तो टाका कुणाचा हे विचारायच्या आधी आगाऊ भाडं देऊन मोकळी झाली. असली चूक सुईवर जगणारं माणूसच करू शकतं. दुसरा कुणी दोरीकडे ढुंकून बघणार नाही.

माझ्या दुकानाच्याच इमारतीत वर खोली घेतल्यावर विचारायला आली. "मास्तर, हे रफू कुणाचं?"

मी म्हणालो, "माझं."

ते माझं नव्हतं. माझ्या बायकोचं होतं. तिला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आता ऐका. दुकान माझं, मशीन माझी, कापणं-शिवणं सगळं मी करतो आणि त्यात मी कुणाला हार जाणार नाही. पण रफू मला जमत नाही, कधीच जमलं नाही. ते बायको करायची, पडद्याच्या मागे, आतल्या खोलीत. मी काउंटरवर द्यायचो. लोक म्हणायचे, "वा मास्तर, फाटलं होतं कुठे तेच सापडत नाही." मी मान हलवायचो. तीस वर्षं हलवली. एकदा ती म्हणाली होती, "हे माझं आहे म्हणून सांगितलंत तर काय बिघडतं?" मी म्हटलं, "धंद्यात असं नसतं." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ती गेल्यावर रफूचं काम आलं की मी म्हणायचो, डोळे अधू झालेत, आता बारीक काम होत नाही. लोकांना ते पटायचं, उलट हळहळायचे.

तेव्हा या बाईने आमच्या गल्लीत सुई घेऊन बसावं हे मला कसं चालणार? तिने दहा कपडे केले असते, तर लोकांनी अकरावा माझ्या समोर धरून विचारलं असतं, मास्तर, तुमचं चांगलं की हिचं?

मी कामाला लागलो. मला फार काही करावंच लागलं नाही. एकट्या बाईबद्दल बोलायला लोकांना फक्त सुरुवात करून द्यावी लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनींना म्हटलं, "वर धंदा सुरू होतोय म्हणे. आता दिवसभर मशीनची खडखड ऐका." झालं. आठवड्याभरात वहिनी सांगत सुटल्या की दुपारी डोळा लागत नाही, डोकं उठतं. त्या बाईकडे मशीन नव्हतीच. चार सुया आणि रफू करताना कापडाखाली धरायचा एक लाकडी गोळा, एवढाच तिचा कारखाना. तरी मी म्हटलं, "हो ना, खाली माझ्यापर्यंत ऐकू येतं."

गच्चीवर तिला दोरी मिळेना. ओले कपडे कुणीतरी काढून बादलीत टाकायचं, वर आपले घालायचं. जिन्यात भेटली की बायका बोलणं थांबवायच्या. कुणी तिला काम दिलं नाही. दिलंच असतं तर मी विचारलं असतं, का हो, माझ्याकडे येत होतात ना? तिने एका लाँड्रीत इस्त्री करायचं काम धरलं आणि संध्याकाळी खोलीत एकटी बसायची. मला वाटलं, कंटाळेल आणि जाईल. चिवट होती. जिन्यात भेटली की मुद्दाम म्हणायची, "बरं आहे ना मास्तर?" अंगाची आग व्हायची माझ्या.

चौथ्या महिन्यात दुकानात आली. बँकवाल्या वहिनींच्या मुलाचा स्वेटर माझ्या काउंटरवर पडला होता. तिने तो न विचारता उचलला, चष्मा लावला, कोपरावरचं जुनं रफू पालथं करून बघितलं.

"मास्तर, हे डाव्या हाताचं आहे."

मी टेबलावरची कात्री उचलून खणात टाकली.

"टाका डावीकडून सुरू झालाय, सगळीकडे. दोरीवरचे सगळे कपडे बघितले मी, सगळे असेच. तुम्ही तर उजव्या हाताने शिवता. घरात कोण होतं?"

"मला दुकान बंद करायचंय," मी म्हणालो. दुपारचे बारा वाजले होते.

तिने स्वेटर नीट घडी करून ठेवला. "मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण हात फार चांगला होता. मी खोलीत बसून तसं डावीकडून करून बघते. जमायला लागलंय."

कुणाला सांगणार नाही म्हणे. म्हणजे माझी अब्रू आता हिच्या मेहेरबानीवर. तिने चारचौघांत माझे वाभाडे काढले असते तर मी भांडलो असतो, तोंडही वाजवलं असतं. पण असा उपकार करून गेली, तो मला जास्त झोंबला. त्या दिवशी मी ठरवलं, ही इथे राहता कामा नये.

आमच्या मालकीणबाईंचा नियम ठरलेला आहे. नवा भाडेकरू सहा महिने बघायचा आणि मग ठेवायचा किंवा काढायचा. वर राहतात, एकट्याच, करारी बाई. खोटं बोललेलं त्यांना अजिबात खपत नाही. एका भाडेकरूने पाहुणा किती दिवस राहणार ते खोटं सांगितलं, म्हणून त्याला त्यांनी घालवलं होतं. सहावा महिना सुरू झाला तेव्हा त्या बाईच्या बाजूने बोलणारं गल्लीत कुणी नव्हतं. खोली गेली तर तिला परत सायकलींच्या शेजारी जाऊन झोपायचं होतं, कारण लाँड्रीच्या पगारात दुसरीकडे आगाऊ भाडं भरणं शक्यच नव्हतं. हे मला माहीत होतं. तिनेच पहिल्या दिवशी सगळं सांगितलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच मालकीणबाईंच्या कोटाला कसर लागली. कोट त्यांच्या नवऱ्याचा, लोकरीचा. नवरा गेल्यापासून त्या तोच घालतात. त्यावर आधीची पाच-सहा रफू होती, बायकोची, म्हणजे गल्लीच्या हिशेबाने माझी. माझे डोळे अधू, म्हणून त्यांनी तो वर त्या बाईला दिला. तिने तो पंधरा दिवस ठेवून घेतला.

एका सकाळी मालकीणबाई कोट हातावर घेऊन दुकानात आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्या हसत होत्या. "मास्तर, बघा तरी. भोकं कुठे होती ते शोधून दाखवा. मी तिला कायमची ठेवून घेणार आहे. आणि जिन्यापाशी रफूची पाटी लावायला सांगणार आहे."

मी कोट हातात घेतला. पालथा केला. बाईने नवी रफूसुद्धा डावीकडून केली होती. धागा जुन्या धाग्याला लावून बघून निवडलेला. जुन्यासारखं दिसावं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, आणि ते तसंच दिसत होतं.

मी म्हणालो, "हे माझंच आहे."

"काय तुमचं?"

"सगळं. तुमचा कोट घेऊन ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, मला जमत नाही, तुम्ही करून द्या. डोळ्याला त्रास होत होता, पण तुमचा कोट म्हणून केला. तिने तुम्हाला आपलं म्हणून दिलं वाटतं. बघा ना, जुनं आणि नवं ताडून. एकच हात आहे."

त्यांनी ताडून बघितलं. एकच हात होता.

त्यांनी तिला तिथेच बोलावून घेतलं. ती लाँड्रीला निघाली होती, डबा हातात. मालकीणबाई म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"मी."

"मग मास्तरांच्या जुन्या कामासारखं हुबेहूब कसं?"

"हुबेहूब दिसावं म्हणून तसं केलं," ती म्हणाली. "रफू असंच करतात."

"बाई, तीस वर्षं मी यांचं काम बघतेय."

मग तिने माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकत होती. म्हणू शकत होती, यांना आत्ता माझ्यासमोर एक टाका घालायला सांगा. मी बाहीचं माप घेत होतो, एकच बाही तीनदा मोजली. ती काही बोलली नाही. कुणाला सांगणार नाही म्हणाली होती, तो शब्द पाळला. मला त्या क्षणीही तिचा रागच आला.

महिना संपायच्या आधी ती गेली. तिला न्यायला भाऊ आला होता, गाडी घेऊन. पिशवी मागे टाकताना म्हणाला, "फिटली ना हौस?" मोठ्याने म्हणाला, गल्लीला ऐकू जावं असं. ती पुढे बसली नाही, मागे पिशवीशेजारी बसली.

आता माझी गत ऐका. डोळे अधू आहेत हे आता कुणी ऐकून घेत नाही. मालकीणबाईंचा कोट ज्याने केला त्याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? काउंटरवर स्वेटर, शाली, पँटी येऊन पडतात. मी आज देतो, उद्या देतो करतो. बँकवाल्या वहिनींचा स्वेटर केला, तर कोपराला गाठोडं बांधल्यासारखं झालं. वहिनी म्हणाल्या, "घाईत केलंत वाटतं." दुसऱ्यांदा देताना त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि तिसऱ्यांदा आल्या नाहीत.

परवा मालकीणबाई कोट घेऊन आल्या. खांद्यावर कसरीने पुन्हा एक भोक पाडलं होतं, बोट जाईल एवढं. "तुम्हीच करा," म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही आता."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि खिडकीपाशी बसलो. म्हटलं, बायकोचं एक रफू शोधायचं, टाका टाका उसवून बघायचं, तिने कसं घातलं होतं ते. तीस वर्षं ती पडद्याच्या मागे बसली होती आणि मी एकदाही आत वाकून बघितलं नव्हतं. कोट पालथा केला. अकरा रफू सापडली. त्यातली सहा-एक तरी तिची असणार. सगळी डावीकडून सुरू झालेली, सगळी एकाच धाग्याची. भिंग लावून बघितलं, उन्हात धरून बघितलं, बोट फिरवून बघितलं.

माझ्या बायकोची कोणती, हे मला ओळखता आलं नाही.