भावनाचा वाकलेला आलेख

एन्झाइमची ताकद काळाबरोबर कशी ओसरते, याचं गणित मांडणं हे भावना मेश्रामचं पीएचडीचं काम. तांदळाच्या स्टार्चची साखर करणारं एक एन्झाइम ती गरम पाण्यात ठेवायची, मधूनमधून थोडं काढून किती ताकद उरली ते मोजायची आणि आलेख काढायची. रायपूरभोवती राइस मिल भरपूर. कारखान्यात एन्झाइम किती टिकेल हे आधी सांगता आलं तर उपयोगाचंच होतं.

तिच्या गाइडचं, शेखर सरांचं, गणित साधं होतं. सगळं एन्झाइम एकाच गतीने मरतं, म्हणून ताकदीचा लॉग घेतला की आलेखात सरळ रेष येते. याच रेषेवर त्यांचं नाव झालं होतं. भावनाची रेष मात्र आधी झपकन खाली यायची आणि मग वाकून सावकाश चालायची. थोडं एन्झाइम लगेच मरत होतं, उरलेलं चिवटपणे तग धरून होतं. तिने द्रावण नव्याने केलं, थर्मामीटर बदलला, दुसऱ्या विभागातल्या मशीनवर मोजून पाहिलं. वळण काही जाईना.

"शेवटचे बिंदू काढून टाक," सर म्हणाले. "इतक्या कमी ताकदीला मशीनचं काही खरं नसतं."

"सर, मशीन तपासली मी."

"बेटा, आधी थिसिस जमा होऊ दे. मग जन्मभर रेष वाकवत बस."

ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण तिचे बाबा, रेल्वेतले लहानूजी, शेवटच्या आजारात होते तेव्हा याच सरांनी आपल्या गाडीतून त्यांना दवाखान्यात पोचवलं होतं. गाइड बदलायचा तर विभागात हा विषय दुसऱ्या कोणाला येत नव्हता. सरांच्या सहीशिवाय थिसिस हलणार नव्हता.

"काहून अडकली वं तू?" आई, शांताबाई, विचारायची. "सर तं चांगले हायेत."

"चांगले हायेत म्हणूनच तं, आई."

शेवटी तिने ते बिंदू काढून टाकले. रेष सरळ झाली, सही मिळाली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. "प्रयोग बराच वेळ चाललेला दिसतो, मग रेष मध्येच का संपली? पुढचे बिंदू कुठे गेले?"

भावनाने सरांकडे पाहिलं. सर समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

"माझ्या मोजण्यात चूक झाली होती," ती म्हणाली. "म्हणून घेतले नाहीत."

बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

डिग्री मिळाली. आईने मोहल्ल्यात पेढे वाटले. तोंडी परीक्षेच्या दिवशी परतताना सरांनीच तिला गाडीत घेतलं होतं. तेलीबांधा चौकाजवळ गाड्या तुंबल्या होत्या.

"आज तू माझी लाज राखली," सर रस्त्याकडे बघत म्हणाले. "नवीन प्रोजेक्ट आलाय. त्यात तूच राहशील. तुझ्याशिवाय दुसरं कोण करणार?"

तिला वाटलं, इथेच उतरावं, चालत घरी जावं. पण बाहेर दोन्ही बाजूंनी गाड्या चिकटून उभ्या होत्या, आणि सर उत्तराची वाट बघत होते.

"हव, सर," तिने होकार दिला.