उठल्यावर सांगायचा निरोप

देवी निजलेली असताना तिला माणसाचं दुःख कळतं का? त्या लांबलेल्या हिवाळ्याआधी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तोवर मी सवयीनं तुळजापूरला जायचो, सवयीनं हात जोडायचो आणि सवयीनंच समाधान घेऊन परत यायचो.

किसन माझा जिवाभावाचा मित्र. मोठ्या दुष्काळात आम्ही एकाच तलावाच्या कामावर माती वाहिली आणि पुढं पाऊसपाणी झाल्यावर गावात दूध सोसायटी उभी केली. तो सेक्रेटरी, मी माप घेणारा. त्याचं घर बौद्ध, त्यामुळं तो देवळात येत नसे. पण माझ्याबरोबर तुळजापूरला हौसेनं यायचा, महाद्वाराबाहेर माझ्या चपला सांभाळत बसायचा आणि मी बाहेर आलो की दर वेळी विचारायचा, "काय म्हणली रं तुझी आई?"

"तुझी चौकशी केली," मी म्हणायचो. मग आम्ही चहा प्यायला जायचो.

त्या पौषात त्याला छातीचं दुखणं लागलं. उस्मानाबादच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा बोलतानाही धाप लागत होती. मी नवस बोलायला तुळजापूर गाठलं. आत गेल्यावर ध्यानात आलं, शाकंभरी नवरात्राआधीचे निद्रेचे दिवस चालू आहेत. सिंहासन रिकामं होतं, आई पलंगावर निजली होती. निजलेल्या आईला काही मागू नये, असं आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. घाईत मी तिथीच विसरलो होतो. लांबूनच नमस्कार केला आणि ओठांवर आलेला नवस गिळून परत फिरलो. ती उठली की येऊ, असं मनाला समजावलं.

किसनला हे सांगितलं तर तो खोकला येईस्तोवर हसला. "आपल्या चेअरमनची बहीणच हाय की रं! कामाला जावं तवा झोपलेली."

"आसं बोलू न्हाय, किसन."

"बरं, ऱ्हायलं. उठली की सांग तिला, किसन विचारत हुता म्हणावं."

आई उठायच्या आतच तो गेला.

त्या वर्षी थंडी हटेचना. माघ सरला, होळी तोंडावर आली, तरी सकाळी दुधाच्या किटल्या उचलताना बोटं बधिर व्हायची. सोसायटीत त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. मी रीत पाळली आणि मित्र घालवला, हे मनातून जाईना. किसनच्या बायकोनं, वहिनींनी, एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. मी देवापुढं दिवा लावणं सोडलं. पण प्रश्न काही मला सोडेना. गोठ्यात निजलेल्या गाईजवळ जाऊन मी हळूच किटली वाजवून बघायचो. तिचे डोळे मिटलेलेच राहायचे, कान मात्र हलायचा. मला त्याचं नवल वाटायचं, आणि असली परीक्षा घेत बसल्याची लाजही.

अशात सोसायटीच्या कामासाठी सोलापूरला निघालो. एसटी तुळजापूरवरून जाते, पण तिथं उतरायचं नाही असं ठरवलं होतं. शेजारी एक तरुण बाई मांडीवर तान्हं लेकरू घेऊन गाढ झोपली होती. तिची मान माझ्या खांद्याकडं कलत होती. खिडकीची काच फुटलेली, वारा बोचत होता. लेकरू कुरकुरलं. ती जागी झाली नाही, पण तिच्या हातानं पदर ओढून लेकराच्या डोक्यावरून घेतला आणि तो हात तिथंच थोपटत राहिला. लेकरू लगेच गप्प झालं असं नाही. बराच वेळ रडलं, मग निजलं.

तुळजापूरचा घाट लागला तशी ती दचकून जागी झाली. मला राहवलं नाही. "बाई, लेकरू रडत होतं ते कळलं का तुम्हाला?"

"रडलं? कवा?" तिनं आधी लेकराकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "मला न्हाय बा ठावं, मामा. मी झोपले हुते की."

स्टँड आल्यावर मी उतरलो. कशासाठी उतरतोय हे मलाही नीट कळत नव्हतं. महाद्वाराबाहेर चपला काढल्या, त्या सांभाळायला कुणी नव्हतं. आत आई सिंहासनावर उभी होती. किसन का गेला, मी त्या दिवशी मागितलं असतं तर तो राहिला असता का, हे विचारायचं म्हणून तोंड उघडलं, आणि ते विचारावंसं वाटेना. त्या लेकरानं काही नीट मागितलं नव्हतं, आणि त्या झोपलेल्या बाईच्या हातानंही कसला हिशेब पाहिला नव्हता. मी गिळलेला नवस निजलेल्या आईपर्यंत पोचला असेल, तरीही माझा मित्र गेला असेल. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे तिथं उभं राहून मला पहिल्यांदा सोसलं. उरलेले प्रश्न मी तिच्याकडं ठेवले.

"आई, किसन विचारत होता," एवढंच बोललो.

ती बाई कोण, कुठली, मी विचारलंही नाही. तिचे उपकार मात्र रोज दिवा लावताना आठवतात.

बाहेर आलो. चपला होत्या तिथंच होत्या. त्या पायात घातल्या, चहाच्या टपरीकडं वळलो आणि चालता चालता हळूच म्हणालो, "तुझी चौकशी केली."