मोबाईलने हुंगलेला आंबेमोहोर

नाकाने जगणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे उत्रोलीचे चुलते. बाकी आपण सगळे नाक बाळगतो ते चष्मा टेकवण्यापुरतं. चुलतसासरे बांधावर उभे राहून सांगायचे, की खालच्या घरात आमटी लागलीय, आणि ती सुनेने नव्हे, सासूने लावलीय. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी गोठ्यामागे गुपचूप बिडी ओढून वर तुळशीची पानं चघळत आलो. ते नुसते म्हणाले, "जावईबापू, तुळस आमची हाय, बिडी कुणाची?"

सुगी झाली, की आळीतले लोक नवा आंबेमोहोर शिजवून पातेलं त्यांच्यापुढे आणत. झाकण उचलून ते वास घेणार, मग ठरणार, भात बियाण्याला ठेवायचं की गिरणीला धाडायचं. पण एका तापात त्यांचा वासच गेला, तो परत आला नाही. मुलाने पुण्याहून मोबाईलच्या बुडाला लावायची आगपेटीएवढी डबी आणून दिली. हवेत गॅस, धूर, दारू असलं काही असलं, की पडद्यावरची हिरवी पट्टी लाल होते. झालं! चुलतसासरे मोबाईल पुढे धरून गावभर हिंडू लागले. गोठा हुंगला, एसटीचा कंडक्टर हुंगला, आणि एका लग्नात वरबापापाशी पट्टी लाल झाली तेव्हा भर मांडवात विचारलं, "पाव्हणं, सकाळीच?"

यंदा घरचंच पातेलं समोर आलं. वडिलांपासून राखलेलं ते वाण फिकं पडलंय, असं आळीत बोललं जात होतं. सगळे ओटीवर गोळा झालेले. चुलतसासऱ्यांनी वाफेवर मोबाईल धरला आणि पट्टी लालभडक झाली.

"बोलला! वाण गेलं न्हाई, म्या म्हनत नव्हतो?"

मी कौतुकाने पुढे सरकलो, तशी पट्टी आणखी पेटली. चुलतसासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, काय फासून आलाय तुमी?"

बिडी या डबीला कळेल, या धास्तीने मी अंगावर निम्मी बाटली सेंट फवारला होता. मला उचलून अंगणात लिंबाखाली बसवण्यात आलं. पट्टी हिरवी झाली, आणि हिरवीच राहिली.

चुलतसासऱ्यांनी डबी काढून खिशात टाकली. "हिला वंगाळ तेवढंच कळतंय. धाडा गिरणीला."

चुलतसासूबाईंनी पातेलं जवळ ओढून वाफेत तोंड घातलं. "हाय की."

"कसा?"

"कसा म्हंजी? मोहोर उन्हानं तापल्यावर येतो, तसा."

"आनि मागनं?"

"मागनं दुधाचा. साय धरताना येतो, तसला. लई न्हाई, उलीसा."

चुलतसासऱ्यांनी डोळे मिटले. "व्हय. तसाच असतोय. अजून सांग."

त्या सांगत राहिल्या. पोरांनी पोती बियाण्यासाठी माळ्यावर चढवली, पातेल्यातला भात गार झाला, तरी त्यांचं संपलं नव्हतं. मला लिंबाखालून परत कुणी बोलावलं नाही, आणि मलाही उठावंसं वाटेना.