मिश्रीच्या वेळी सुरगाण्यात

"आजी, सुरगाण्याकडं पाड्यावर तोंड तपासायचं शिबिर आहे, दोन दिवसांचं. येतेस?" मयूनं विचारायचा अवकाश, मी पिशवीत लुगडं कोंबलं! मयू म्हणजे माझी नात मयूरी, दातांची डॉक्टर. मी चौथी पास, तीही मास्तरांच्या कृपेनं. हे सगळं मी बोलते, मोबाईल लिहितो, अन् मयू वेलांट्या सरळ करते.

सकाळी ओझरहून निघालो. पिंपळगाव, मग वणी. देवीच्या गडाकडं बघून गाडीतूनच हात जोडले. मयू म्हणाली, दर्शन येताना. बोरगावला सगळे हौशी लोक सरळ सापुताऱ्याला पळतात, आपण डावीकडं वळायचं. थंडीत जाल तर रस्त्याकडेलाच स्ट्रॉबेरी मिळते, डबा शंभराच्या आत. एक घेतला, पाड्यावर पोचेस्तोवर संपला. घाटात वळणं लय, आवळासुपारी जवळ ठेवा. गाडी नसली तर एसटी सुरगाण्यापर्यंत जाते, बायांना अर्धं तिकीट. पुढं जीप.

पाडा कोकणा आदिवासींचा, सारवलेली अंगणं इतकी गुळगुळीत की चप्पल काढूनच चालावं वाटतं. गावातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी शाळेच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या. मयूनं आजारी तोंडांची चित्रं टांगली, ती बघून माझी तर भूकच मेली. बाया आल्या, पण समोर झाडाखाली त्यांचे सासरे येऊन बसले. सासऱ्यादेखत तोंड वासायचं? बायांनी दातात धरलेला पदर काही सोडला नाही. दिवसभर पुरुषच तपासून झाले. मयूचं तोंड एवढंसं झालं.

मुक्काम आशाताईंकडं. नागलीची गरम भाकर, उडदाची आमटी, वर मिरचीचा ठेचा. असं जेवण हॉटेलात पैसे टाकून मिळत नाही, अन् आशाताईंनी तर पैशाचं नावही काढू दिलं नाही.

सकाळी जाग आली ती वासानं. मिश्री! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची अन् दातांना लावायची. मलाही लग्नापासून सवय. मी माझी डबी कमरेला खोचून वासामागं निघाले. घरामागच्या दगडांवर सात-आठ बाया बसलेल्या, बोट तोंडात अन् गप्पा चालूच. एकही पुरुष नाही. मी तिथंच ठाण मांडलं अन् हाक मारली, "मयू, बॅटरी घेऊन ये! तोंडं एवीतेवी उघडीच हायेत!"

मयू धावत आली. पहिला नंबर माझा.

"आजीला दात किती?" एकीनं विचारलं.

"तीन. अन् तिघांचं आपसांत पटत नाही," मी म्हटलं. बाया अशा हसल्या की सगळ्यांचं आतलं बाहेरनंच दिसलं.

माझ्या तोंडात काही निघालं नाही. मग एकेक बाई पुढं सरकली. यमुना नावाची तिशीतली बाई आली तशी मयूनं बॅटरी आणखी जवळ नेली. गालाच्या आत पांढरा चट्टा, पुसून जाईना.

"गरम चहानं पोळलंय," यमुना म्हणाली.

"कधी?"

"दिवाळीत."

मयूनं समजावलं, नाशिकला येऊन बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. यमुना उठलीच. "नाय जी. तुकडा काढला का आजार पसरतो. माझी मावशी अशीच गेली."

"तुकड्यानं नाही, ताई, उशिरानं पसरतो."

यमुनेनं माझ्या कमरेकडं बोट केलं. "अन् तुमची आजी रोज लावते, तिला का नाय सांगत?"

"दहा वर्षं सांगतेय," मयू म्हणाली.

सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. यमुना मला लेकीसारखी, अन् मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार? मी डबी काढून तिच्या हातात दिली. "ही तू ठेव. तुझी मला दे. उघडावी वाटली तर आधी एकमेकीला फोन करायचा. पण तू आज गाडीत बसायचंस."

तिनं डबी उलटीपालटी केली. मग म्हणाली, "स्ट्रॉबेरी कोण तोडंल?"

"मी तोडते की! जा तू," तिची जाऊ ओरडली.

तर परतीला आम्ही तिघी. गडावर जायचं राहिलं, देवी समजून घेईल. यमुना आमच्याकडंच राहिली. ओझरला विमान डोक्यावरनं गेलं तशी जेवणाच्या ताटावरनं उठून अंगणात पळाली! तपासणीत माझा हात असा धरला की नखं उमटली. मग रिपोर्टची वाट. तो आला तेव्हा मयूनं आधी मलाच मिठी मारली: कॅन्सर नाही. मात्र मिश्री चालू राहिली तर होऊ शकतो. तपासायला येत राहायचं.

तुम्ही कुठं शिबिराला जाणार असाल तर आधी बायांना वेळ विचारा. खुर्च्यांचं नंतर बघू.

यमुनेची डबी माझ्या देव्हाऱ्यामागं आहे. सकाळी बोट आपोआप तोंडाकडं जातं, मग त्यानंच तुळशीची माती उकरते. आज त्याच वेळी तिचा फोन आला, मातीच्या हातानंच उचलला.

"आजी, लय वाटतंय उघडावी."

"मग?"

"मग काय नाय. तुम्ही बोला."

मी बोलत बसले. ऊन अंगणात आलं, चहा गार झाला, मयू दवाखान्यात निघून गेली, तरी मी बोलतच होते. तेवढं तर मला येतं.