न रंगवलेल्या काचा

“आधी साबणानं स्वच्छ धुऊन या म्हणावं त्यांना. वास मारतोय.”

डॉक्टर मॅडम माझ्याशी बोलल्या, पण रांगेतल्या प्रत्येक बाईला ते ऐकू गेलं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीतल्या बावीस बायका. पहाटे नळावर भांडून पाणी भरलेल्या, आंघोळ केलेल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या. त्यात माझी आई होती. तिनं मान खाली घातली. मी बादली आणि साबण आणला आणि माझ्याच आईला मागच्या मोरीत घेऊन गेले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच केलं.

मी तेव्हा मॅडमच्या दवाखान्यात आया होते. आम्ही दुष्काळात मराठवाड्यातून आलेलो, गावकुसाबाहेरचे. माझ्या हातचा चहा पिणारी मॅडम ही पहिली वरच्या जातीची बाई. एवढ्यावर मी विरघळले. त्या म्हणतील ते खरं, असं मानून चालले.

त्या दिवशी मॅडमनी शिबिर ठेवलं होतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच ओळखता येतो, म्हणाल्या. लाकडी पट्टीनं आतलं पाणी घ्यायचं, काचेवर पसरायचं, काच रंगवायची आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघायची. सकाळी कॉलनीतल्या बायका पुढच्या दारानं आल्या. दुपारी आमच्या, मागच्या दारानं. आमच्या बायका यायलाच तयार नव्हत्या. नवरा काय म्हणेल, लोक काय म्हणतील. मी दारोदार फिरून त्यांना तयार केलं.

आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिच्या अंगावरून लाल जात होतं. मला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, “पाच बाळंतपणं झाली, पर परक्या माणसाम्होरं कधी उघडी पडले न्हाई. तू म्हणतीस म्हून येते.”

पंधरा दिवसांनी कॉलनीतल्या बायकांना टाइप केलेले कागद पाकिटातून मिळाले. आमच्या बायकांचे कागद मी मागितले तर मॅडम म्हणाल्या, त्यांना कुठं वाचता येतंय, सगळं ठीक आहे असं तोंडी सांग. मी सांगितलं. बावीस घरी जाऊन सांगितलं, वर छाती फुगवून. आईनं त्या दिवशी शेजारणींना गुळाचा चहा पाजला. लाल जायचं थांबलं नाही. पण काच चांगली आलीय ना, मग उष्णता असेल, असं ती म्हणायला लागली. मीही हो म्हणायचे.

दवाखान्यात वापरलेल्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन परत वापरायच्या. ते काम माझं. बघून झालेल्या काचेवर निळा-गुलाबी रंग असतो. धुता धुता तो माझ्या नखांत बसायचा. चार महिन्यांनी मॅडमनी मला खालचा खण रिकामा करायला सांगितलं. आत एक डबा होता. धुऊन टाक, म्हणाल्या.

डब्यातल्या काचांना रंगच नव्हता. नुसता पांढरट, वाळलेला थर. कडेला चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं नाव. अक्षर माझं. सातवीपर्यंत शिकलेलं माझं अक्षर. बावीसच्या बावीस. रंग चढवल्याशिवाय काच वाचता येत नाही, हे मला मॅडमनीच शिकवलं होतं.

डबा घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. ह्या बघितल्याच नाहीत का, असं विचारलं. त्या वहीत लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुझ्या वस्तीतल्या बायका पुढं औषधपाणी थोडंच करणार होत्या? उगाच लॅबचं काम वाढवायचं.”

“ह्यात माझ्या आईची काच आहे.”

आता त्यांनी वर बघितलं. चेहरा खरोखर हळहळला. “अगं, मग आधी सांगायचंस ना. तुझ्या आईची वेगळी काढली असती.”

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात जाळ झाला. साबणाच्या वेळी झाला नव्हता, तो आता झाला. एकवीस बायका टाकून माझी आई तेवढी माणूस करायला निघाल्या होत्या, आणि मी त्यांचे आभार मानावेत अशी अपेक्षा होती. “ह्या काचा मी धुणार नाही,” मी म्हणाले. डबा पदराखाली घेतला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. पुन्हा त्या दवाखान्यात गेले नाही.

दुसऱ्या दिवशी आईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तपासलं आणि चिडून विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “म्याच कुणाला सांगितलं न्हाई, सायेब.” मला वाचवायला खोटं बोलली. वर्षभरात ती गेली.

त्याआधी मी एकवीस दारं पुन्हा वाजवली होती. तुमची काच कुणी बघितलीच नाही, मी तुम्हाला खोटं सांगितलं, असं प्रत्येकीला तोंडावर सांगितलं. एकजण माझ्या अंगावर थुंकली. मी पुसलं आणि तिला म्हणाले, उद्या सकाळी तयार राहा, सरकारी दवाखान्यात जायचंय.

मॅडमना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. मी अजून बायकांना तपासायला घेऊन जाते. कुणी नाक मुरडलं तर बादली आणत नाही, जाब विचारते. काच रंगवली का, विचारते. कागद बाईच्या हातात पडेपर्यंत बाकावरून उठत नाही. तोंडी निरोप मी आता कुणाचाच नेत नाही.