गुलाल आणि अण्णांचा कॅमेरा

असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आपण कामात असतो आणि ते आपले आपले साठत जातात. मावसभाऊ अण्णांबरोबर मी दहा-बारा वर्षं हिंगोलीत फोटोचं दुकान चालवलं, निजामाच्या अमदानीत. अण्णा फोटो काढायचे, मी अंधाऱ्या खोलीत फोटो उमटायच्या काचा धुवायचो. पुढं त्या दुकानातून काय कमावलं असं कुणी विचारलं, की मी हे किस्से सांगायला लागतो.

कॅमेरा एकच होता. लाकडी पेटी, पुढं पितळी भिंग, मधे कातडी भाता. त्या भात्यात बारीक भुकटी शिरली, की चांगल्या गोऱ्यापान नवरीच्या तोंडावर देवीचे व्रण उमटायचे. मग कॅमेरा साफसफाईला हैदराबादला पाठवायचा आणि दोन महिने दुकानाला कुलूप. आणि आमच्याकडे लोकांना फोटोची आठवण कधी व्हायची? गुलाल उधळायला घेतला की!

*

मोंढ्यातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला हळदीच्या राशीवर बसून फोटो हवा होता. आत हमाल हळद पाखडत होते, सगळीकडे पिवळा धुरळा. अण्णांनी दारातूनच हात जोडले आणि कॅमेरा लांब रस्त्यापलीकडे मांडला.

फोटो पाहून व्यापारी म्हणाला, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

"तिसऱ्या पोत्याच्या डाव्या अंगाला बघा. डाळीएवढे दिसता."

"अन् हा पुढं एवढा मोठा कोण?"

"तुमचा बैल. तो बाहेर उभा होता."

व्यापाऱ्यानं तो फोटो गादीच्या वर लावला. आल्यागेल्यानं बैल मात्र लगेच ओळखला.

*

मग अण्णांनी कॅमेऱ्याला अंगरखा शिवायचं ठरवलं. शेजारी इस्माईलचाचा शिंपी होते. त्यांनी टेप लावून कॅमेऱ्याचं माप घेतलं, कमर, सीना, सगळं. भिंगासमोर उचलायला एक पदर ठेवला. मग गंभीरपणे विचारलं, "अण्णा, इनकू खिसा होना क्या?"

अस्तराला वहिनींचं मऊ मलमलचं लुगडं गेलं. त्या मला म्हणाल्या, "भावजी, माझं लग्न झालं तवा मला सवत न्हाई म्हणून सांगितलं होतं."

अण्णा खाली मान घालून बटणं तपासत राहिले.

*

आमच्या काचांना लाल रंग दिसत नसे. लाल ते सगळं फोटोत काळं यायचं. म्हणून अण्णांचा दंडक होता, आधी तोंड धुवा, मग समोर बसा.

एका रंगपंचमीला कचेरीतले आठ कारकून गुलालानं माखून आले. "धुणार न्हाई, हाय तसंच काढा," म्हणाले. अण्णांनी काढला. आठही तोंडं काळीठिक्कर, कोण कोणता काही कळेना. मला वाटलं, आता भांडण होणार. पण एकेक जण गुपचूप येऊन आपली प्रत घेऊन गेला.

नंतर कळलं, मधल्या खुर्चीत बसलेला साहेब तो मीच, असं प्रत्येकानं घरी सांगितलं होतं.

*

पुसेगावचा ज्ञानोबा आला तो किस्सा मात्र मला सगळ्यांत प्यारा.

त्याच्या दोन विहिरी कोरड्या गेल्या होत्या. तिसरीला पाणी लागलं नाही तर बायकोच्या माहेरी जाऊन राहायचं, असं घरात ठरलं होतं. आणि तिसरीला पाणी लागलं. "सगळ्या गावासंगं फोटो पायजे, अण्णासाहेब. माझ्या लेकरायला दाखवाया," म्हणाला.

आम्ही बैलगाडीनं गेलो. हलगी वाजत होती, गाव विहिरीभोवती उभं होतं. अण्णांनी नेम धरला, भिंगावर झाकण लावलं, काच आत सरकवली. तेवढ्यात गुलालाचा पहिला लोट आला. अण्णांनी झटकन अंगरख्याचा पदर भिंगावर सोडला. धुरळा बसला की पदर उचलायचा, एक-दोन म्हणायचं, पदर सोडायचा. अशा चार काचा झाल्या. अंगरख्याचा रंग पार बदलला, पण आत कणभर गुलाल गेला नाही. परतताना अण्णा इतके खूश होते, की गाडीवानाला गाणं म्हणून दाखवत होते.

रात्री मी काचा धुवायला घेतल्या. पहिली कोरी. दुसरी कोरी. चारही अगदी स्वच्छ!

अण्णांनी एकेक काच कंदिलासमोर धरून पाहिली. मग म्हणाले, "पदराखालचं झाकण मी काढलंच नाही रे."

त्यांना झोप लागली नाही, मलाही नाही. विहिरीला पहिलं पाणी एकदाच लागतं. ते आता कुठून आणायचं? दुसऱ्या दिवशी आम्ही पुसेगावला गेलो, कॅमेरा घेऊनच, पण कशासाठी ते ठाऊक नव्हतं. अण्णांनी ज्ञानोबाला सगळं खरं सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

ज्ञानोबानं अण्णांना बाजेवर बसवलं. मग म्हणाला, "एवढी तकलीफ काहून करून घेता? पाणी हाये की अजून."

तासाभरात सगळं गाव पुन्हा विहिरीवर जमलं. कालचीच माखलेली धोतरं, कालचीच लुगडी. हलगीवालाही शेतातून आला. ज्ञानोबाची बायको गुलालाचं ताट घेऊन पुढं आली आणि कॅमेऱ्याकडं बघून थबकली.

"दादा, आज गुलाल राहू द्यावं का? तुमच्या पेटीला तरास व्हतो."

अण्णांनी अंगरख्याची बटणं एकेक करून सोडली. अंगरखा काढून माझ्या हातात दिला. मग ताटातून दोन बोटं गुलाल घेतला आणि भिंगाच्या वर, लाकडाला लावला.

"उधळा आता," ते म्हणाले.