नरपडच्या गुरुजींचा निरोप

हे मी आजवर कुणाला बोलले नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

ऐंशीच्या दशकात मी डहाणूला टेलिफोन ऑपरेटर होते. नरपडच्या गुरुजींनी मला शाळेत शिकवलेलं. त्यांचा मुलगा अविनाश लष्करात कॅप्टन. एके दिवशी तार आली — त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. शवपेटी आली ती बंद. सोबतच्या अधिकाऱ्यानं उघडू दिली नाही. गुरुजींना ते पटलंच नाही. वरपासून दडपलं जातंय, म्हणायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला धक्का बसलाय.

मला ठाऊक होतं — काय ठाऊक होतं? कुणी मारलं, मारलं की नाही, ते आजही ठाऊक नाही. पण तार यायच्या आदल्या दुपारी त्याचा ट्रंक कॉल आला होता. गुरुजींच्या शेजारच्या दुकानात जोडून दिला, तर दुकानदार म्हणाला, दोघं नवरा-बायको तलासरीला मुलीकडे गेलीत, संध्याकाळी येतील. तेव्हा अविनाश मलाच म्हणाला, "ताई, बाबांना निरोप दे. साहेबांच्या खोट्या कागदावर मी सही केली नाही, वर लेखी कळवलंय. इथं वातावरण बरं नाही. शनिवारी निघतोय. आईला म्हणावं, चिंबोऱ्या आणून ठेव."

मरायला निघालेला माणूस आईच्या हातचं चिंबोऱ्यांचं कालवण मागतो का?

संध्याकाळी सासूबाईंना ताप भरला. निरोप राहिला. दुसऱ्या दिवशी तार — मग कुठल्या तोंडानं जाणार होते मी?

आठवड्यानं लष्कराच्या जीपमधून दोन अधिकारी आले. कॅप्टनचा फोन आला होता का, विचारू लागले. एक जण हसून म्हणाला, "आपके पति रेलवे में हैं ना, मॅडम?" एवढंच. धमकी होती ती? की नुसती चौकशी? मी विचार करत थांबलेच नाही. "कॉल आलाच नाही," म्हणाले. तसंच लिहून दिलं. सही केली.

नव्वदच्या सुमारास गुरुजी मसोलीला आमच्या घरी आले. हातात चौकशीच्या निकालाचा कागद. त्यात लिहिलेलं — मुलगा मनानं खचलेला होता. त्यानं घरी संपर्क साधल्याचा पुरावा नाही. साक्षीदारांत माझं नाव. मला वाटलं — आता विचारतील. आता.

"तुझ्याच जबाबावर मिटवलंय त्यांनी," गुरुजी म्हणाले. "पण तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. तू खरं तेच सांगितलंस."

मी मान हलवली — हो म्हणून.

त्यानंतर गुरुजी सहा वर्षं होते. बाजारात लांबून दिसले, की मी गल्लीत वळायचे. नरपडला मी एकदाही गेले नाही.